सायंकाळी सातचे सुमारास

“ही कोन बाय बोलते गो?”

मावशींनी हे विचारले तेव्हा मी त्यांना त्यांचाच जबाब वाचून दाखवत होते. न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, पंख्याचा वारा जेमतेम पोहोचेल अशा बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. त्यांच्या मांडीवर घडी घातलेली छत्री होती, छत्रीवर समन्स होते आणि समन्सावर त्यांचा तळहात असा घट्ट दाबलेला होता, की जणू तो कागद उडाला तर परतीची वाटच बंद होईल. मी पान क्रमांक ४७ उघडून वाचत होते : “मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी माझे कुटुंबासह राहण्यास असून घरकाम करून कुटुंबाची उपजीविका करते. दिनांक मजकुरी सायंकाळी सातचे सुमारास मी घरी हजर असताना मला भांडणाचा आवाज आला म्हणून मी घराबाहेर येऊन पाहिले असता...” इथेच त्यांनी मला थांबवले. त्यांना राग आलेला नव्हता. शेजारणीच्या घरात अनोळखी पाहुणी दिसावी आणि सहज चौकशी करावी, तसा त्यांचा सूर होता. मी म्हणाले, “मावशी, या तुम्हीच आहात.” त्या हसल्या, पदर तोंडाशी धरून पुष्कळ वेळ हसल्या आणि म्हणाल्या, “मी असं कवा बोलले? माझी जीभ वलेल का अशी?”

त्या दिवशी त्या बाकावर मी आणखी एक वाक्य बोलले. ते वाक्य मला अजूनही सोडत नाही.

सरकारी वकिलांच्या कार्यालयात लागून तेव्हा मला चौथा महिना चालू होता. अकरा महिन्यांचा करार, नियुक्तिपत्रावर ‘विधी सहायक’ असे भारदस्त पद, आणि घरी कुणालाही एका वाक्यात समजावून सांगता न येणारे काम. इग्नूचा पॅरालीगलचा डिप्लोमा मी केला तेव्हा आत्याने “म्हणजे अर्धी वकील?” असे विचारले होते, आणि मी चिडून दिलेले उत्तर आठवले तर आता हसू येते, कारण आत्याचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. शेजारपाजारच्यांना पॅरालीगल म्हटले की विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आठवतात. ते गरजूंना मोफत वकील मिळवून देतात, अर्ज लिहून देतात, आणि त्यांचे काम लोकांना दिसते. आमचे दिसत नाही. फौजदारी खटल्यात सरकारच्या बाजूने जे वकील उभे राहतात, त्यांच्या हातात वेळेवर योग्य पान पडावे, एवढ्यासाठी आम्ही असतो. ते पान वेळेवर पडले तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पडले नाही तर भर न्यायालयात सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळतात.

काम मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडले, हे कबूल केले पाहिजे. पोलीस ठाण्याकडून दोषारोपपत्र येते ते लेसने बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपात. त्यात फिर्याद असते, घटनास्थळाचा पंचनामा असतो, दुखापतीचे प्रमाणपत्र, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आणि साक्षीदारांचे जबाब असतात, आणि अधूनमधून एखादी छायांकित प्रत इतकी फिकट असते, की उजेडासमोर धरल्याशिवाय अक्षर लागत नाही. मी आधी पेन्सिलीने पाने मोजते, मग लाल शाईने क्रमांक टाकते, मग पिवळ्या चिठ्ठ्या लावते आणि शेवटी आमच्या सरकारी वकील मॅडमसाठी एका पानाचे टाचण करते : कोणता साक्षीदार, त्याने काय पाहिले, कुठून पाहिले, त्याचे म्हणणे दुसऱ्या कुणाशी जुळते आणि कुठे जुळत नाही. टेबलावर दोन कायदे शेजारी शेजारी उघडे असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, त्यामुळे एका फाइलमधला खून कलम ३०२ चा असतो आणि तिच्यावर ठेवलेल्या दुसऱ्या फाइलमधला १०३ चा. मावशी ज्यात साक्षीदार होत्या तो खटला जुन्यातला, म्हणजे कलम ३०७ चा, खुनाच्या प्रयत्नाचा होता. नव्यात तो १०९ झाला आहे. आमचे वयस्कर शिपाईकाका अजून प्रत्येक फसवणुकीला ‘चारशेवीस’ म्हणतात आणि मला वाटते, तो आकडा मराठीतून काढून टाकणे कोणत्याही संसदेला जमणार नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त गुंगवून टाकले ते जबाबांच्या भाषेने. ती माझ्या ओळखीची होती. माझे वडील कोर्ट नाक्यावर टंकलेखक होते. छत्रीखाली टेबल, टेबलावर गोदरेजचे यंत्र आणि पायाशी कार्बन पेपरचा डबा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे आणि ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘सदरहू’ हे शब्द कवितेच्या ओळींसारखे पाठ करत असे. लोक येत, घरच्या भाषेत आपली कहाणी सांगत, मध्येच रडत, मध्येच भावावर चिडत, आणि वडील मान न वर करता त्या कहाणीचे प्रतिज्ञापत्र करून देत. एकदा मी त्यांना विचारले होते, की ते काका तर असे बोललेच नाहीत, मग तुम्ही असे का लिहिलेत? ते म्हणाले होते, “ते बोलतात तसं लिहिलं तर साहेब परत पाठवतील, आणि साहेबांना चालेल तसं लिहिलं तर त्यांना वाचता येणार नाही. त्या मधल्या जागेत आपलं टेबल आहे.” तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचे वाटले होते. पुढे यंत्र माळ्यावर गेले, वडिलांची बोटे आखडली, आणि मी दर मिनिटाला तीस शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा संगणकावर देऊन त्याच मधल्या जागेत, पण भिंतीच्या आतल्या बाजूला, येऊन बसले.

जबाबांच्या भाषेत सगळी माणसे एकाच आवाजात बोलतात. रिक्षावाला, निवृत्त मुख्याध्यापक, नेपाळहून आलेला वॉचमन आणि सोळा वर्षांची मुलगी, सगळेच ‘सदर इसम’ म्हणतात, सगळेच ‘पाहिले असता’ पाहतात आणि शेवटी सगळ्यांचाच जबाब ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा’ असतो. एका फाइलमध्ये तर तीन साक्षीदारांनी ‘शिविगाळा’ असा एकच चुकीचा शब्द एकाच ठिकाणी वापरला होता. बचाव पक्षाच्या वकिलांना असा शब्द सापडला की त्यांचा चेहरा सणासुदीसारखा खुलतो. पण त्या हवालदाराच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी बसवून पाहिले आहे. रात्रीचा दीड वाजलेला, बाहेर दोन्हीकडचे नातेवाईक जमलेले, पाच जबाब व्हायचे, त्यात संगणक अडकणारा, आणि पहाटे बंदोबस्ताला जायचे. अशा वेळी आधीच्या जबाबाची फाइल उघडून नाव तेवढे बदलण्याचा मोह मलाही झालाच असता. जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, ती मी अभ्यासक्रमात पाठ केली होती. माझ्या हातून गेलेल्या फाइलींत मात्र अजून कागदच बोलतो. आणि गंमत अशी, की पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही, तशी कायद्यानेच मनाई केलेली आहे. म्हणजे ज्या बोलण्याखाली बोलणाऱ्याची सहीसुद्धा नाही, त्यावरून तीन-चार वर्षांनी भर न्यायालयात त्याला विचारले जाते, की हे तुम्ही असे सांगितले होते, आणि ते तुम्ही सांगितले नव्हते.

ही भाषा अंगाला लागते. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी आईला घरी यायला उशीर झाल्याचे कारण सांगताना “सदर गाडी कळव्याला थांबलीच नाही” असे म्हणाले आणि स्वयंपाकघरातून वडिलांचे हसणे ऐकू आले. ‘फितूर’ या शब्दाचेही तसेच झाले. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला तो शब्द मला गडाचे दरवाजे आणि रात्रीची खलबते घेऊनच आठवत असे. इथे रोजच्या बोर्डावर तो असतो, न्यायालयात आपल्या जबाबावरून फिरणाऱ्या साक्षीदारासाठी. “तीन नंबरचा फितूर झाला, पुढचा बोलाव,” असे कुणीतरी चहा पिता पिता म्हणते, आणि त्या तीन नंबरला पाहावे तर आरोपीच्याच चाळीत राहणारा, दोन मुलींचा बाप, शर्टाचे वरचे बटणसुद्धा लावलेला घाबरलेला माणूस. पहिल्यांदा मला या माणसाला फितूर म्हणणे फार जड गेले. चौथ्या महिन्यात मी टाचणात ‘सा. क्र. ३ : फितूर’ असे लिहून पुढच्या ओळीकडे वळत होते.

आमच्या मॅडमनी मला रुजू होतानाच दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, आपण फिर्यादीचे वकील नाही, सरकारचे आहोत, त्यामुळे फिर्यादीच्या आईने आणलेला डबासुद्धा घ्यायचा नाही. दुसरी, साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवायचा, पण शिकवायचे नाही. ‘पढवलेला साक्षीदार’ हा उलटतपासातला नेहमीचा आरोप असतो. घडून गेलेल्या गोष्टीला वर्षे लोटलेली असतात, म्हणून आठवण ताजी करणे वेगळे आणि तोंडात शब्द घालणे वेगळे. मला ही रेघ समजली होती. किमान टाचणात मी ती दोनदा अधोरेखित केली होती.

तर त्या बाकावर, हसणे संपल्यावर, मावशी गंभीर झाल्या. त्यांनी विचारले, “सात वाजले असं कोनी सांगतला? मी तर घड्याल बघला नाय.” मग तुम्हाला वेळ कशी आठवते, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते जबाबात कुठेच नव्हते. त्या दिवशी एकादशी होती. म्हणून घरात मासळी नव्हती आणि त्या ओट्यावर बसून उपासाची रताळी सोलत होत्या. समोर खाडी. “पानी चरत व्हता,” त्या म्हणाल्या. क्षणभर मला अर्थच लागेना. मग कळले, की मुंब्र्यापलीकडच्या त्यांच्या गावच्या आगरी बोलीत ‘चढत’ चे ‘चरत’ झाले होते. भरतीचे पाणी चढत होते, ते बांधाच्या तिसऱ्या दगडापर्यंत आले होते, आणि तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. हे सगळे पोलिसांना सांगितले होते का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “सांगतला ना. रताल्यांचा पन सांगतला.” एवढ्यात पट्टेवाल्याने आमच्या खटल्याचा पुकारा केला, मी गडबडीने फाइल मिटली आणि उठता उठता म्हणाले, “मावशी, पाण्याचं राहू द्या. इथे सात वाजता लिहिलंय. सात लक्षात ठेवा.”

हेच ते वाक्य.

सरतपासात, म्हणजे आधी मॅडमनी प्रश्न विचारले तेव्हा, मावशींनी सगळे नीट सांगितले. कोणी कोणाला धरले, कोयता कुठून आला, जखमी मुलगा कुठे पडला. वेळ विचारल्यावर त्या माझ्याकडे न पाहता, शाळेत पाठांतर म्हणणाऱ्या मुलीसारख्या सरळ उभ्या राहून म्हणाल्या, “सायंकाळी सात वाजता.” ‘सायंकाळी’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हलले. बचावाचे वकील सज्जन गृहस्थ होते. त्यांचा आवाज चढत नाही, हेच त्यांचे शस्त्र आहे. त्यांनी विचारले, तुमच्या ओट्यावरून घड्याळ दिसते का. नाही. हातात घड्याळ होते का. नाही. मोबाइल पाहिला होता का. नाही. “मग सात वाजले होते, हे तुम्हाला कसं समजलं?” मावशींनी न्यायाधीशांकडे पाहिले, मग मॅडमकडे, आणि मग सगळ्या खोलीतून शोधून मला गाठले. माझ्याकडे बोट करून त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, “या पोरीनी वाचून दाखवला.” मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदाच पाहिले आणि टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. आज न्यायालयात येण्यापूर्वी मला माझा जबाब वाचून दाखविला, हे म्हणणे खरे आहे. मी पढविल्याप्रमाणे खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही. दोन्ही वाक्ये मावशींची म्हणून नोंदवली गेली. नमुन्याची वाक्ये आहेत ती, अशा साक्षींमध्ये शेकड्याने सापडतात. पण त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मी उभी होते आणि माझे कान तापले होते.

मॅडमनी फेरतपासाची परवानगी मागितली. त्यांनी मला काही विचारले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही, फक्त मावशींना विचारले, “तुम्ही घड्याळ पाहिलं नाही म्हणता, मग ती वेळ तुम्हाला कशावरून आठवते?” आणि मावशींचा खांदा सैल झाला. त्या एकदम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. एकादशी, रताळी, बांधाचा तिसरा दगड. “एकादशीचा पानी सवाआठला भरतो. तवा पानी चरत व्हता.” न्यायाधीश विदर्भाकडचे. त्यांनी हात वर करून टंकलेखकाला थांबवले आणि विचारले, “पाणी चरत होतं म्हणजे?” मावशींनी तळवा हळूहळू वर नेऊन दाखवला. भर न्यायालयात काही सेकंद सगळे त्या तळव्याकडे पाहत होते. मग नोंद झाली, की त्या वेळी भरतीचे पाणी चढत होते. बचावाच्या वकिलांनी परवानगी घेऊन शेवटचा प्रश्न विचारला, की हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते काय. सांगितले होते. मग तुमच्या जबाबात ते का नाही? मावशी गप्प राहिल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता, असे मला वाटते. सांगितलेली गोष्ट कागदावर का नाही, हे कागद लिहिणाऱ्याला विचारायचे सोडून आपल्याला का विचारतात, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर होते. न्यायाधीशांनी नेहमीचे वाक्य सांगितले : सदर बाब माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.

मी सांगू शकले असते. रात्रीचा दीड, अडकणारा संगणक, आधीची फाइल. किंवा हवालदार घाटावरचा असेल आणि ‘चरत’ ऐकून त्याला गुरे आठवली असतील. किंवा माझ्यासारखाच तोही म्हणाला असेल, मावशी, पाण्याचे राहू द्या. रताळी कोणत्या कलमात बसणार? पण त्या वेळी माझे काम फाइल बंद करून दुसरी उघडण्याचे होते आणि मी ते केले. दुपारी मॅडम माझ्याशी नेहमीपेक्षा थोडे कमी बोलल्या. संध्याकाळी निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “टाचणात पाण्याचं का नव्हतं?” मी काहीतरी पुटपुटले. टाचण मी जबाबावरून केले होते, आणि जबाबात नसलेले काही टाचणात घ्यायचे असते, हे मला कुणी सांगितले नव्हते, असे म्हणणे खरे आहे. सांगण्याची गरज होती, हे म्हणणे मात्र खरे नाही.

घरी आल्यावर मी वडिलांना भरतीचा हिशोब विचारला. ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाला तो येत असावा, अशी माझी समजूत होती. त्यांना येत नव्हता. आमच्या शेजारच्या कोळी आजोबांना येत होता. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे; येईल ती पाणी भरण्याची वेळ, खाडीत थोडी मागेपुढे. एकादशी म्हणजे अकरा, अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. मी दिनदर्शिकेसमोर उभी राहून चार-पाच तिथ्यांचा हिशोब करून पाहिला. सात वाजता पाणी चढतच असणार होते. मावशी घड्याळाशिवाय जी वेळ सांगत होत्या, ती हवालदाराने लिहिलेल्या सातच्या इतकी जवळ होती, की त्याने तो आकडा बहुधा त्यांच्या पाण्यावरूनच काढला असावा. म्हणजे कदाचित त्याला ‘चरत’ नीट समजला होता. त्याने त्याचे भाषांतर केले आणि मूळ टाकून दिले, एवढेच. हे सुचल्यावर मला त्याच्याबद्दल आधीपेक्षा जास्त आपलेपणा वाटला आणि स्वतःबद्दल जास्त अवघडलेपण.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर मावशींना साक्षीदार भत्त्याच्या कागदावर अंगठा द्यायचा होता, म्हणून मी त्यांना खाली घेऊन गेले होते. शाईचा डाग पदराला पुसत त्यांनी मला विचारले, “चांगला बोलले ना मी?” मी म्हणाले, फार चांगले. मग त्यांनी माझा दंड धरून, समजूत घालावी तशा सुरात सांगितले, “तुझा नाव घेतला म्हनून रागवू नको हां. त्यांनी विचारला, मंग खरा तेच सांगतला.” कोर्ट नाक्यावर त्यांना मुंब्र्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसवून मी चालतच घराकडे निघाले. कळव्याच्या पुलावर नेहमीसारखी वाहने खोळंबली होती. मी कठड्याशी थांबून खाली पाहिले. शाळेत असल्यापासून मी या पुलावरून ये-जा करते आहे. राखाडी पाणी कांदळवनाच्या मुळांशी हलत होते, प्लॅस्टिकच्या पिशव्या एका जागी गोल फिरत होत्या, आणि पुष्कळ वेळ उभी राहूनही पाणी चढते आहे की उतरते आहे, हे मला काही ओळखता आले नाही.